हाफ मॅरेथॉनचा निकाल मंगळवारी लागतो

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेजारचे काका भेटले. गळ्यात मेडल, छातीवर अजून बिब, म्हणजे शर्यतीचा नंबर, टाचलेला, हातात अर्धं केळं. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूही होत्या.

"किती वेळात?" मी विचारलं.

"दोन सव्वीस."

काकूंच्या कपाळावर आठी. काकांचे मागच्या वर्षीचे आकडे त्यांना पाठ आहेत, कारण काकांनीच ते गणपतीच्या मांडवात चारचौघांना चारदा ऐकवले होते. "मागच्या वेळी दोन पाच होती ना? यंदा बरं नव्हतं का?"

"छान होतं की! यंदा सराव म्हणून पळालो."

तिसरा मजला आला. बाहेर पडता पडता काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पैसे भरून सराव?"

प्रश्न रास्त आहे. पावसाळा सरत आला की महाराष्ट्रात मॅरेथॉनचा हंगाम सुरू होतो. मग जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनपर्यंत दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात रस्ते बंद असतात आणि आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी पहाटे साडेतीनचा गजर लावून निघालेलं असतं. त्यातले बरेच जण काकांसारखं बोलतात: ही शर्यत नाही, सराव आहे. घरच्यांना ती सबब वाटते. काही वेळा ती सबब असतेही. पण नीट ठरवून केली तर ही गोष्ट भलतीच शहाणपणाची आहे. ती का, हे समजण्यासाठी थोडं शरीरात डोकवावं लागेल.

आधी तीन आकडे

फुल मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हे विचित्र अंतर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पळवलं गेलं आणि १९२१मध्ये कायमचं ठरलं. हाफ म्हणजे त्याचं बरोबर अर्धं, २१.०९७५. बोलताना सगळे एकवीसच म्हणतात; उरलेले सत्त्याण्णव मीटर पाय मोजतात.

पळणारी माणसं ताशी किलोमीटरमध्ये बोलत नाहीत, 'पेस'मध्ये बोलतात. एक किलोमीटर किती मिनिटांत, तो पेस. आकडा जितका लहान तितका वेग जास्त, हे उलटं गणित एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

काकांना जानेवारीत मुंबईची फुल साडेचार तासांत संपवायची आहे. त्यासाठी पेस लागतो किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद. जीव तोडून पळालेल्या मागच्या हाफला त्यांचा पेस होता साधारण ५:५५. आणि मित्रांशी गप्पा मारत, न धापता पळतात तेव्हा तो असतो ७:१५च्या आसपास. पुढचं सगळं या तीन आकड्यांच्या मधल्या फटींत घडतं.

रंगीत तालीम

नाटकवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या प्रयोगाआधी रंगीत तालीम असते. वेशभूषा खरी, प्रकाशयोजना खरी, नेपथ्य खरं, अंकामधला वेळही खरा. पण नट त्या रात्री घसा फोडत नाही. उद्याच्या प्रयोगाला तो शाबूत लागतो. सराव म्हणून पळालेली हाफ ही फुलची रंगीत तालीम आहे. नाट्यगृहाचं भाडं मात्र तालमीलाही भरावंच लागतं.

मोठे खेळाडूही एका शर्यतीच्या वाटेवर दुसरी पळतात. ब्रिटनचा मो फराह २०१८मध्ये ९ सप्टेंबरला इंग्लंडमधली ग्रेट नॉर्थ रन ही हाफ मॅरेथॉन जिंकला आणि बरोबर चार आठवड्यांनी, ७ ऑक्टोबरला, शिकागोची फुल २:०५:११मध्ये जिंकला. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसचा धावपटू, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत साडेसात फेऱ्यांच्या आसपास पळणारा. त्याने २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीत हाफ मॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. आपल्या मुख्य शर्यतीच्या सातपट अंतर!

पण त्या दोघांची उदाहरणं आपल्याला जरा जपून घ्यायला हवीत. त्या शर्यती त्यांनी पूर्ण ताकदीने पळल्या. तशी हाफ म्हणजे 'चाचणी': तयारी कुठवर आली ते बघायला एकदा जीव लावून पळायचं. काकांनी केली ती वेगळी गोष्ट. चाचणीत घड्याळ उत्तर देतं. सरावात घड्याळाने फक्त हजेरी लावायची असते.

पिठाचा डबा आणि गिरणी

पळताना शरीर दोन गोष्टी जाळतं. एक म्हणजे ग्लायकोजेन, स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. दुसरी चरबी. ग्लायकोजेन म्हणजे डब्यातलं पीठ: काढलं की लगेच भाकरी. चरबी म्हणजे कणगीतली ज्वारी: भरपूर आहे, महिनोन्महिने पुरेल, पण दळून आणल्याशिवाय तव्यावर जात नाही.

पिठाचा डबा लहान असतो. त्यात साधारण २००० किलोकॅलरी मावतात, थोडं इकडेतिकडे. आणि पळण्याचा ढोबळ खर्च म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला १ किलोकॅलरी. साठ किलोच्या माणसाला हाफसाठी सुमारे १२७० लागतात आणि फुलसाठी २५३०. आता वजाबाकी करा. हाफ डब्यातल्या पिठावर निभावते. फुल निभावत नाही. तिसावा किलोमीटर ओलांडल्यावर पाय अचानक शिशाचे होतात, त्याला धावणारे 'भिंत लागणं' म्हणतात. ते याच हिशोबाचं फळ.

यावर उपाय दोन. वाटेत थोडं पीठ उसनं घेणं, म्हणजे जेल (पाकिटातला साखरेचा घट्ट पाक), खजूर, केळं. आणि गिरणी सुधारणं, म्हणजे चरबी पटापट दळण्याची शरीराची ताकद वाढवणं. गिरणी सुधारते ती सावकाश, लांब पळण्याने. वेगाने पळताना शरीर डब्यात हात घालतं, गिरणीकडे बघतही नाही. म्हणून मुरलेले धावपटूही बहुतेक वेळ हळूच पळतात. नॉर्वेत काम करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हा दर दहातली साधारण आठ सत्रं सोप्या जोराची आढळली. आपल्याकडच्या हौशी मंडळींचं नेमकं उलटं असतं. रोजचं पळणं थोडं जास्त जोरात, आणि ज्या दिवशी खरा जोर हवा त्या दिवशी पाय थकलेले.

मोरीचं भोक

दुसरी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. वेग वाढला की स्नायूंत लॅक्टेट नावाचा पदार्थ जास्त तयार होतो. तो विष नाही. शरीर तो इंधन म्हणून परत वापरतं. पण वापरण्याचा वेग मर्यादित आहे. मोरीत नळ सोडलाय आणि खाली भोक आहे, असं समजा. नळ बेताने सोडला तर पाणी येतं तसं जातं. एका टप्प्यानंतर मात्र मोरी तुंबायला लागते. त्या टप्प्याला 'उंबरठा' म्हणतात, आणि चांगला सराव असलेला माणूस त्या वेगाने साधारण तासभर टिकतो.

उंबरठा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. शेजारी पळणाऱ्याशी बोलून बघा. कालच्या लग्नातल्या जेवणाची पूर्ण हकिगत सांगता आली तर तुम्ही सोप्या वेगात आहात. 'हो', 'नको', 'पाणी' एवढंच निघत असेल तर उंबरठा जवळ आला. बोलायची इच्छाच मेली असेल, तर मोरी तुंबली.

जीव लावून पळालेली हाफ या उंबरठ्याच्या जरा खालून जाते, तीही दोन तास. शरीराला ती महागात पडते. काकांचा ६:२४चा पेस त्याच्या बराच खाली आहे आणि ७:१५ तर थेट लग्नाच्या जेवणाच्या हकिगतीचा.

मग मंगळवारच का?

शर्यतीनंतर पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिड साचल्याने, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते खरं नाही. लॅक्टेट तासाभरात निवळतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं वेगळं असतं: स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजा आणि त्यांची दुरुस्ती. हे दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. म्हणजे रविवारी पळालात तर सोमवार, मंगळवार, फार तर बुधवार. स्नायू ताणला जात असताना भार पेलतो तेव्हा इजा जास्त होते. उतारावर पळताना मांडीचं असंच होतं. म्हणून शर्यतीनंतर जिना चढता येतो, उतरताना मात्र रेलिंग लागतं.

फुलची तयारी चार-साडेचार महिन्यांची असते आणि त्यात आठवड्याचा एक ठरलेला ताल असतो. काकांच्या वेळापत्रकात मंगळवारी वेगाचा सराव आहे, गुरुवारी मध्यम, रविवारी लांब. हाफ 'सराव' होती की 'शर्यत', याचा पुरावा मेडलवर नसतो. मंगळवारचं सत्र नेहमीसारखं झालं, तर ती सराव होती. झालं नाही, तर तुम्ही शर्यत पळालात, तोंडाने काहीही म्हणा.

धावणाऱ्यांत एक जुना ठोकताळा आहे: शर्यतीच्या दर मैलामागे एक दिवस हलका ठेवावा. हाफ म्हणजे १३ मैल, म्हणून १३ दिवस. काटेकोर विज्ञान नव्हे, पण अनुभवाशी जुळतं. फुलला सहा आठवडे उरलेले असताना हाफ जीव तोडून पळालात, तर त्यातले जवळपास दोन आठवडे दुरुस्तीत जातात. त्या दोन आठवड्यांत तीस किलोमीटरचं एक लांब पळणं बसलं असतं.

हे मी वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी फुलच्या तीनच आठवडे आधी मी एक हाफ 'सराव' म्हणून लावली. चौथ्या किलोमीटरला आमच्या ग्रुपमधला एक पोरगा मला मागे टाकून, वर हात हलवून गेला. पुढचं सांगायला नको. १ तास ५८ मिनिटं, आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ, दिवसभर अभिनंदनं. मंगळवारी मी जिना तोंड भिंतीकडे करून उतरलो. पुढचे नऊ दिवस पळणं नाही. आणि जानेवारीत पेडर रोडचा चढ, जो फुलवाल्यांना नेमका शेवटच्या टप्प्यात भेटतो, मी चालत चढलो. त्या दिवशीची वेळ मी कुणाला सांगत नाही.

"पण रोज फुकट पळता येतं की!"

आता काकूंच्या मुख्य मुद्द्याकडे. एकवीस किलोमीटर तर कुठल्याही रविवारी कॉलनीच्या रस्त्यावरही होतात. मग हजार-दोन हजार कशाला मोजायचे?

कारण नेहमीच्या रविवारी पहाटे साडेतीनला उठावं लागत नाही. फुलच्या दिवशी लागेल. त्या वेळी पोट साफ होतं का, हा प्रश्न ऐकायला विनोदी आहे, पण सुरुवातीच्या रेषेजवळच्या शौचालयांच्या रांगेत उभं राहिलेला माणूस हसत नाही. झोप किती मिळते, आदल्या रात्री काय खाल्लेलं पचतं, सकाळी चहा घ्यावा की नाही, गाडी लांब लावून किती चालावं लागतं, सामान कुठे ठेवायचं, सुरुवातीला अर्धा तास नुसतं उभं राहिल्यावर अंग गार पडतं का. हे सगळं तालमीतच कळतं.

मग खाणं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत असा सर्वसाधारण सल्ला आहे. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात. हे कागदावर सोपं आहे. पळत्या पोटाला त्याची सवय नसते, कारण रक्त पायांकडे गेलेलं असतं आणि पोट बंद दुकानासारखं बसलेलं असतं. सवय लावावी लागते, तीही आधी. कुणाला जेल सोसत नाही, त्याला खजूर किंवा चिक्की चालते. मुंबईत रस्त्याच्या कडेला लोक घरून आणलेल्या संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चॉकलेटं पुढे करतात. प्रेमाने दिलेलं घ्यावंसं वाटतं, पण पोटाला आधी विचारलेलं बरं.

मोकळा रस्ता ही सुद्धा विकत घेण्यासारखी गोष्ट आहे. आपल्या शहरांत सलग एकवीस किलोमीटर सिग्नल, रिक्षा, भटकी कुत्री आणि चुकीच्या बाजूने येणारे दुचाकीस्वार यांच्याशिवाय पळायला कुठे मिळतं? दर दोनेक किलोमीटरला कुणीतरी पाणी देतंय, जागोजागी वैद्यकीय मदत आहे. मला विचाराल तर नुसत्या या एका कारणासाठी पैसे वसूल आहेत.

आणि बस! मोठ्या हाफ मॅरेथॉनमध्ये ठरावीक वेळेचे झेंडे घेऊन पळणारे पेसर असतात. त्यांच्यामागे जो घोळका तयार होतो त्याला आपल्याकडे 'बस' म्हणतात. गंमत बघा: काकांच्या ६:२४च्या पेसने हाफ २ तास १५ मिनिटांत होते. म्हणजे २:१५ची बस पकडली की फुलचा पेस पायांत भिनवायची फुकट शिकवणी.

अजून एक बारीक गोष्ट कळते, ती घड्याळाची. शर्यतीनंतर हमखास तक्रार येते: "माझ्या घड्याळात २१.३ दाखवलं, आयोजकांनी जास्त पळवलं!" बहुतेक वेळा आयोजकांचा दोष नसतो. प्रमाणित मार्ग मोजताना तो चुकूनही कमी पडू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात, आणि मोजणी होते वळणांच्या सगळ्यात आतल्या रेषेने. आपण मात्र गर्दीला वळसे घालत, पाण्याच्या टेबलाकडे आणि तिथून परत असे नागमोडी पळतो. फुलला हाच फरक चारशे मीटरचा होऊ शकतो. काकांना साडेचार तास हवे असतील तर घड्याळात ६:२४ नव्हे, ६:२०च्या आसपास दिसायला हवं. ही चार सेकंदं तालमीत सापडली तर बरं, नाहीतर आझाद मैदान समोर दिसत असताना साडेचार तास उलटून जातात.

काकांच्या दोन सव्वीसची फोड

काका एकसारखे पळाले नव्हते. पहिले ११ किलोमीटर ७:१५ने. सुमारे ८० मिनिटं. पुढचे ८ किलोमीटर फुलच्या पेसने, ६:२४ने, म्हणजे ५१ मिनिटं. उरलेले दोन परत सावकाश. बेरीज दोन सव्वीस. थोडे थकलेले पाय घेऊन लक्ष्याचा पेस पकडायचा, हा सगळा डाव.

काकू पुन्हा भेटल्या तेव्हा त्यांच्या पुतण्याने इंटरनेटवरून एक सूत्र काढून दिलं होतं आणि त्या खरोखर काळजीत होत्या. पीटर रीगल नावाच्या अमेरिकी इंजिनिअरचं हे सूत्र धावणाऱ्यांत फार चालतं. हाफच्या वेळेला २.०८५ने गुणलं की फुलचा अंदाज येतो. "दोन सव्वीसला पाच तास चार मिनिटं येतात. साडेचार कुठून होणार?" सूत्र बरोबर आहे, त्यात घातलेला आकडा चुकीचा. ते पूर्ण ताकदीने पळालेल्या वेळेसाठी आहे. काकांच्या दोन पाचला लावलं तर चार तास वीस मिनिटं येतात, आणि हौशी धावकांना सूत्रापेक्षा सहसा थोडा जास्तच वेळ लागतो. म्हणजे साडेचार हे स्वप्न नव्हे, हिशोब आहे.

काही जण तालीम अजून लांबवतात. आधी सहा-सात किलोमीटर एकटे पळून मग सुरुवातीच्या रेषेवर येतात; दोन्ही मिळून अठ्ठावीस होतात. मेडल गळ्यात पडल्यावर उरलेलं पळू, असं ठरवणारे फारसे पळत नाहीत. मेडल घातलं की पाय संपावर जातात, वर पोह्यांचा वास येतो.

सावकाश पळताना पाणी कमी लागतं की जास्त?

इथे लोक उलटी चूक करतात. सावकाश पळणारा रस्त्यावर जास्त वेळ असतो, घाम बेताचा जातो आणि पाण्याची टेबलं तितकीच भेटतात. प्रत्येक टेबलावर पेला रिचवला तर रक्तातलं मीठ पातळ होतं. हा धोका खरा आहे. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं गेलं. त्यात १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. तहान लागली की प्यायचं, एवढं बहुतेकांना पुरतं. पळून झाल्यावर वजन आधीपेक्षा वाढलेलं दिसलं, तर समजा की जास्त प्यालात.

मुंबईकरांसाठी दमट हवा हा वेगळा विषय. पुण्याच्या डिसेंबरी थंडीत ६:२४ सहज जमतो, आणि मुंबईत घाम सुकतच नाही म्हणून त्याच पेसला छातीचे ठोके वर चढतात. तिथे घड्याळापेक्षा श्वासाचं ऐकायचं.

"गर्दीत पाय आवरत नाहीत, त्याचं काय?"

ही सगळ्यात खरी हरकत आहे, आणि मी स्वतःच तिचा पुरावा आहे. ढोलताशे वाजतायत, कुणीतरी माइकवरून ओरडतंय, शेजारून आजोबा पुढे गेले. अशा वेळी ७:१५ने पळणं हा पायांचा नव्हे, मानेचा व्यायाम असतो. मान वळवायची नाही.

काही युक्त्या उपयोगी पडतात. उभं राहताना मागच्या गटात उभं राहायचं, म्हणजे पहिले दोन किलोमीटर गर्दीच तुम्हाला धरून ठेवते. बोलक्या मित्राबरोबर पळायचं. घड्याळावर एकूण वेळ दाखवायचीच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शनिवारी संध्याकाळी कागदावर लिहून घरात कुणाच्या तरी हातात द्यायचं: उद्या अमुक पेसने, अमुक वेळेत. कारण 'सराव होता' हे वाक्य सुरुवातीच्या रेषेच्या आधी बोललं तर योजना असते, शेवटच्या रेषेनंतर सुचलं तर सबब. दम लागून मागे पडलेल्या माणसाने त्या आकड्याला स्ट्राव्हावर (धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर) 'सोपं पळणं' असं नाव दिलं, तर फसवणूक फक्त त्याची स्वतःची होते.

एवढं करूनही दर वेळी पाय सुटत असतील, तर सरळ शर्यत म्हणून पळा आणि पुढचे दोन आठवडे हलके ठेवा. त्यातही कमीपणा नाही. वाईट आहे ती मधली स्थिती: शर्यतीचा थकवा, आणि वर सरावाचं वेळापत्रक.

कुठली हाफ, कधी

जानेवारीची मुंबई हे लक्ष्य धरलं, तर सप्टेंबरच्या सुमाराची साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन जिद्द आणि मांड्या घडवायला उत्तम. २०१२पासून होणारी ही शर्यत यवतेश्वरच्या घाटातून कासच्या दिशेने चढते आणि त्याच वाटेने उतरते. तिथे पेस बघूच नये. चढावर सगळे शहाणे असतात. खरी मेख उतारावर आहे, कारण तिथे पाय सुसाट सोडले की मंगळवार गेला. लक्ष्य चार महिने दूर असल्याने एखादा मंगळवार बुडाला तरी आभाळ कोसळत नाही.

पुण्याची १९८३पासूनची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. मुंबईची जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. मधे सहा-सात आठवडे, म्हणजे काकांसारख्या फुलच्या पेसच्या तालमीला अगदी योग्य वेळ. शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र मी कुठलीच हाफ सुचवणार नाही, गप्पांच्या वेगाची सुद्धा. तेव्हा मैलांपेक्षा झोप जास्त कामाची.

ताप, खोकला असेल, छातीत कसंतरी होत असेल, तर तालीमही रद्द. डॉक्टरांकडे जा.

दुसऱ्याची जागा अडवता का?

सावकाश पळणाऱ्याने रस्त्याच्या डावीकडे राहावं, चौघांनी हातात हात घालून भिंत करू नये, सेल्फीसाठी अचानक थांबू नये. एवढं पाळलं तर कुणाचीच जागा अडत नाही. आणि जायचं रद्द झालं तर आपला बिब मित्राला देऊ नका. नोंदणी तुमच्या नावाची, रक्तगट तुमचा, तातडीचा फोन नंबर तुमच्या बायकोचा, आणि पळणार तो. वाटेत त्याला चक्कर आली तर फोन तिला जाईल.

मेडल घ्यावं का, असंही एकाने मला विचारलं होतं. घ्यावं. एकवीस किलोमीटर पळालात ना?

मंगळवारी पहाटे साडेपाचला मी दूध घ्यायला निघालो, तेव्हा जिन्यात बुटांचा आवाज आला. काका पाचव्या मजल्यावरून उतरत होते, रेलिंगला हात न लावता. मधे तिसऱ्या मजल्यावर काकूंचं दार किलकिलं झालं.

"अहो, आज तरी आराम करायचा!"

"आज वेगाचा सराव आहे," काका म्हणाले, आणि खाली गेटवर थांबलेल्या पोरांना हाक मारली.